खिडक्या उघड्या ठेवून मालेगावपर्यंत

त्या मे महिन्यात आम्ही हिमाचलला जाणार होतो. मोहनदादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, मनालीच्या अलीकडे नदीकाठी एक होमस्टेही ठरवून टाकला होता. आदल्या वर्षीचं काश्मीर पहिल्या लॉकडाऊनमध्ये बुडालं. दिवाळीतलं हंपी मीच रद्द करायला लावलं, कारण बसमध्ये शेजारी कोण येऊन बसेल या विचारानेच माझी झोप उडाली होती. मी कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवायची, दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायची, लिफ्टचं बटण काडीने दाबायची. दादा मास्क हनुवटीवर घेऊन नाशिकच्या आमच्या सातपूरभर हिंडायचा. फेब्रुवारीत मित्रांबरोबर दापोलीला जाऊन मासे खाऊन आला आणि ठणठणीत परत आला. तू घाबरून घाबरूनच आजारी पडशील, असं मला म्हणाला. आणि खरंच त्याला काही झालं नव्हतं.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि प्रवास घडला तो सातपूरहून मालेगावचा.

दादाचं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. तिथे यंत्रमागांचे (पॉवरलूमचे) सुटे भाग बनतात. दातेरी चाकं, कॅम, असलं काही. माल बहुतेक मालेगावला जातो. वसाहतीतल्या कंपन्या चालू होत्या, शिफ्टच्या बसेस भरून येत-जात होत्या, आणि रोज कुठल्या ना कुठल्या गेटवर एखाद्या कामगाराचा फोटो आणि हार दिसायचा. दादाच्या शेजारच्या शेडमधले दोघं आठवड्याभरात गेले. त्यानंतर दादाने मास्क नाकावर घेतला, पण तोवर अंगात ताप भरला होता. शुभावहिनीलाही ताप आला. ती दोन्ही मुलांसह आतल्या खोलीत, दादा बाहेरच्या. मी आईबरोबर दोन बिल्डिंग सोडून राहते. मी रोज त्यांच्या दाराशी डबा ठेवायची, बेल वाजवायची आणि जिना उतरून पळायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी वहिनीने सांगितलं की बोटाला लावायच्या यंत्रावर दादाचा आकडा नव्वदच्या खाली आलाय आणि बोलताना वाक्य पुरं होत नाहीये. त्या दिवशी मी सकाळपासून फोन घेऊन बसले. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या याद्यांमधले नंबर एकतर लागायचे नाहीत, लागले तर कुणी उचलायचं नाही, आणि उचलले तर पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात सांगायचा की नाव लिहून ठेवतो. ऑक्सिजनचा बेड म्हटलं की तो काही क्षण गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याची मला नंतर फार दहशत बसली.

अशात अन्वरभाईंचा फोन आला. हे दादाचे मालेगावचे जुने गिऱ्हाईक, वीस-बावीस मागांचे मालक. दादा आजारी असल्याचं त्यांना वर्कशॉपमधून कळलं होतं, माझा नंबरही तिथूनच मिळाला होता. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, दादाच्या मुलीच्या बारशाला. ते म्हणाले, “दीदी, मोहनभाई को लेके निकलो. यहाँ बेड है. अभी है, शाम को रहेगा की नहीं, मालूम नहीं.”

मी आईला सांगितलं तेव्हा तिने नुसतं “मालेगाव?” एवढंच विचारलं. तिच्या विचारण्यात सगळं आलं. आदल्या वर्षी जिल्ह्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट अवस्था मालेगावची झाली होती. रोज संध्याकाळी टीव्हीवर त्या गावाचं नाव यायचं आणि आमच्या सोसायटीत लोक आवाज बारीक करून बोलायचे. मालेगावच्या बाजूने आलेला चादरवाला, आंबेवाला कुणीही गेटच्या आत घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. आणि आता नाशिकमध्ये जागा नव्हती म्हणून आम्ही तिकडे निघालो होतो. वहिनी मात्र दाराच्या आतून म्हणाली, “नीलाताई, न्या त्यांना. कुठेही न्या, पण आत्ता न्या.”

अ‍ॅम्ब्युलन्स मिळेना. दादाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरने घरात लहान मूल आहे म्हणून नम्रपणे नकार दिला. त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. म्हणजे राहिले मी. गाडी मला चालवता येते, पण हायवेवर कधी एकटीने नेली नव्हती. मला हायवेची भीती नव्हती. दादाबरोबर दोन-अडीच तास एका गाडीत बसायचं, याची भीती होती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. दोन मास्क लावले, वर प्लॅस्टिकचा पडदा बांधला, हातमोजे घातले. वसाहतीतल्या एका ओळखीच्यांनी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणून दिला. त्यांनी तो वडिलांसाठी मिळवला होता. वडिलांना आता तो लागणार नव्हता. त्यांनीच तो मागच्या सीटच्या पायाशी बांधून दिला.

दादा कुणाच्याही आधाराशिवाय जिना उतरला, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ डोळे मिटून राहिला. मग म्हणाला, “खिडक्या सगळ्या उघड्या ठेव. एसी लावू नकोस.” तेवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. आई बाल्कनीत उभी होती. तिला लसीचा एकच डोस मिळाला होता. गाडी वळताना माझ्या लक्षात आलं की आता मालेगावहून परत आल्यावर मला सरळ घरी तिच्याकडे जाता येणार नाही.

द्वारका चौकात लाल सिग्नलला पहिल्यांदाच फक्त आमची एकच गाडी उभी होती. आडगाव मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि ऊन आत शिरलं. एप्रिलचं ऊन, त्यात चारही खिडक्यांतून भट्टीसारखी हवा. ओझरच्या आसपास दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. हंगाम संपून खरड छाटणी झालेली, त्यामुळे तारांवर पानही नव्हतं, नुसती काळी खोडं ओळीने उभी. एरवी या रस्त्याने जाताना दादा अखंड बोलतो. कुणाची बाग किती एकर, कुणी कुठल्या वाणावर हात पोळून घेतला, पिंपळगावात कुठे मिसळ चांगली, कुठे नुसता तेलाचा थर. त्या दिवशी मागून फक्त नळीतून येणारी सूं सूं ऐकू येत होती, आणि मधूनमधून खोकला.

तो खोकला की मी श्वास रोखायची. ठरवून नाही, आपोआप. रस्त्याकडे बघत मनात पाच-सहापर्यंत मोजायची आणि मग खिडकीकडे तोंड करून श्वास घ्यायची. आरशात बघितलं तर दादा माझ्याकडेच बघत होता. त्याला ते समजत होतं. पुढच्या खोकल्याला त्याने तोंडावर टॉवेल घट्ट दाबून धरला आणि त्याचा जीव आणखीच घाबरा झाला. मी म्हणाले, टॉवेल काढ. त्याने मान हलवली, पण काढला नाही.

पिंपळगावच्या टोलनाक्याजवळ पोलिसांनी अडवलं. हवालदार काठी घेऊन खिडकीपाशी आला, “कुठं निघालात, कशासाठी” इथपर्यंत विचारलं, मग त्याची नजर मागे गेली. तो दोन पावलं मागे सरला आणि काठीनेच जा म्हणून खूण केली. मी गाडी पुढे घेतली. त्याचा मास्क घामाने भिजून काळा पडलेला होता. दिवसभर तो अशा किती गाड्यांमध्ये वाकून बघत असेल, असं मनात आलं.

चांदवड आलं. डोंगराच्या कडेला रेणुकामातेचं देऊळ हायवेवरून दिसतं. आम्ही कधीही इथून थांबल्याशिवाय पुढे गेलेलो नाही. देवळं बंदच होती. दादाने मागून हात जोडले असावेत, मला आरशात फक्त त्याची बोटं दिसली. पुढे राहूडचा घाट उतरायला लागलो आणि मागे काहीतरी बदललं. म्हणजे सूं सूं थांबली होती. आरशात दादाचं तोंड उघडं होतं, आणि ओठांचा रंग मला आजही आठवायला नको वाटतो.

घाटात थांबायला जागा नव्हती. मागे कांद्याचा भरलेला ट्रक होता. तो हॉर्न देत होता, आणि मी “दादा, हळू श्वास घे, हळू घे” असं काहीतरी मोठमोठ्याने म्हणत खाली सपाटीवर येईपर्यंत गाडी चालवत राहिले. उमराण्याच्या अलीकडे एका चिंचेखाली गाडी घातली, उतरले, मागचं दार उघडलं. सिलिंडर संपला अशी माझी खात्री झाली होती. पण काटा अजून मध्याच्या जरा वर होता. घाटाच्या वळणात दादा कलंडला होता आणि नळी त्याच्या मांडीखाली दबली होती. एवढंच झालं होतं. मी नळी ओढून काढली, त्याला दोन्ही खांद्यांना धरून बसतं केलं, आणि तो श्वास घेऊ लागेपर्यंत त्याच्या तोंडासमोर तोंड घेऊन बसून राहिले. प्लॅस्टिकचा पडदा केव्हाच कपाळावर सरकला होता. ते मला नंतर समजलं.

बाजूच्या शेतात बाया कांदा भरत होत्या. त्यांच्यातली एक वयस्क बाई रस्त्यापर्यंत आली. “काय व्हयनं त्यासले, माय?” (काय झालं त्यांना?) असं तिने विचारलं. मी म्हणाले, जवळ येऊ नका, कोरोना आहे. ती जागच्या जागी थांबली, पदर नाकावर ओढला आणि मागे वळली. गेली असं मला वाटलं. पण ती झाडाखालची आपली पाण्याची बाटली घेऊन आली, रस्त्याच्या कडेला दगडावर ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली.

“पानी पाज त्यासले. बाटली ली जा. माले परत नको.” (पाणी पाज त्यांना. बाटली घेऊन जा, मला परत नको.)

दादा दोन घोट प्यायला. मी गाडी सुरू करून निघाले तेव्हा ती अजून तिथेच उभी होती, पदर नाकावर तसाच.

मालेगावच्या अलीकडे, उड्डाणपुलाखाली अन्वरभाई मोटरसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, दाढी पिकलेली. तोंडाला मास्क आणि त्यावर रुमाल. त्यांनी हातानेच मागे या म्हणून खुणावलं. गावात शिरल्यावर माझी भीती वाढली. नाशिकचे रस्ते ओस होते. इथे सायकली, रिक्षा, हातगाड्या, माणसं, निम्म्यांच्या तोंडाला काही नाही. रमजानचे दिवस होते. दुपारीच फळांच्या गाड्या लागत होत्या आणि कलिंगडांभोवती लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. माझ्या गाडीच्या उघड्या खिडकीत एका रिक्षावाल्याने डोकं घालून रस्ता देण्यासाठी काहीतरी सांगितलं, तेव्हा मी अक्षरशः किंचाळले. तो दचकला, मागे दादाला बघून “या अल्लाह” म्हणाला आणि स्वतःच पुढे पळत जाऊन त्याने गाड्या बाजूला करायला लावल्या.

हॉस्पिटल लहान होतं, एका मेडिकलच्या दुकानावर दोन मजले. स्ट्रेचर कुणाला तरी घेऊन वर गेलं होतं. ते येईपर्यंत थांबा, असं खालच्या माणसाने सांगितलं. अन्वरभाईंनी एकदा दादाकडे बघितलं, मग दादाचा हात आपल्या गळ्यात घालून घेतला, दुसरा मी धरला आणि आम्ही त्याला जिना चढवला. प्रत्येक पायरीवर दादा अन्वरभाईंच्या मानेपाशी खोकत होता. खिडकीजवळचा बेड होता. नर्सने मास्क चढवला, ऑक्सिजनचा नळ फिरवला. दादाची छाती वर-खाली होताना मी बघत राहिले. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं म्हणाले.

मला राहायला लॉज मिळेना, सगळे बंद. गाडीतच राहीन असं मी ठरवलं होतं. अन्वरभाईंनी ते ऐकून घेतलं आणि मला घरी नेलं. खाली मागांची शेड, वर घर, त्याच्या वर गच्चीला लागून एक खोली. ती मला दिली. मी दारातच सांगितलं की मी आजारी माणसाबरोबर आले आहे, माझ्यापासून लांब राहा, जेवण जिन्यात ठेवा. रुखसानाभाभी, अन्वरभाईंच्या पत्नी, हो हो म्हणाल्या. पण उन्हातून चढताना मला एकदम अंधारी आली, तेव्हा त्या धावत वर आल्या, मला भिंतीला टेकवून बसवलं, लिंबाचं सरबत पाजलं आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या. त्यांचा रोजा होता, त्यांनी स्वतः पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी तीनदा त्यांना जा म्हणाले. त्या “हाँ, जाती हूँ” म्हणाल्या आणि बसल्या.

पुढचे दिवस सारखेच होते. सकाळी हॉस्पिटलच्या खाली जाऊन उभं राहायचं. समोर कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली सगळे नातेवाईक. चाळीसगावचे, सटाण्याचे, नाशिकचेही दोघं-तिघं. वरून कुणी नाव पुकारलं की सगळ्यांचे चेहरे एकदम वर व्हायचे आणि ज्याचं नाव नसेल त्याचे खांदे सैल पडायचे. नाव पुकारलं जाणं चांगलं की न पुकारलं जाणं, हे कुणालाच माहीत नव्हतं. दादाच्या शेजारच्या बेडवरचे एक गुरुजी तिसऱ्या दिवशी गेले. त्यांची सून माझ्या शेजारीच उभी होती, मला मोसंबी सोलून देत होती. गुरुजींचं नाव पुकारलं तेव्हा तिने उरलेल्या फोडी माझ्या हातात दिल्या आणि वर गेली. त्या फोडी मी खाल्ल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. संध्याकाळपर्यंत हातातच होत्या.

घरी आलं की जिन्यात झाकलेलं ताट असायचं. मी मांसाहार करत नाही हे त्यांना दादाकडून ठाऊक होतं. पहिल्या दिवशी वरण-भात होता, वरणात गूळ जरा जास्त, शेजारच्या एका मराठी बाईंना विचारून केलेलं. संध्याकाळी रोजा सुटल्यावर खजूर, कलिंगड, कांद्याची भजी. दिवसभर उपाशी माणसांनी माझ्यासाठी भर दुपारी स्वयंपाक करायचा, हे मला गिळवत नव्हतं. पण मी खायची, कारण मी पडले तर दादाला कोण, हा विचार होता. दादाचे कपडे, चादरी मी वरच धुणार होते. एकदा हॉस्पिटलमधून आले तर त्या खाली दोरीवर वाळत होत्या. भाभींनी धुऊन टाकल्या होत्या.

दिवसभर खाली माग चालायचे. त्या खटखटीने खोलीतला तांब्याही थरथरायचा. आधी मला तो आवाज असह्य झाला. मग असं झालं की वीज जाऊन माग थांबले की मी घाबरायची, कारण त्या शांततेत अ‍ॅम्ब्युलन्स किती लांबून येतेय, कुठल्या गल्लीत वळतेय, सगळं ऐकू यायचं.

एका संध्याकाळी मी गच्चीत आणि अन्वरभाई जिन्याच्या खालच्या पायरीवर, असे बोलत बसलो. रस्त्यावरच्या गर्दीची त्यांना भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, काही लोकांना वाटतं आजार गेला, काहींना वाटतं होऊन गेला आता पुन्हा होणार नाही, आणि बरेचजण घाबरून घाबरून थकले. आदल्या वर्षी त्यांचे वडील गेले. अंत्यविधीला चार माणसं मिळाली नाहीत, भाऊसुद्धा लांब उभा राहिला. “मैं भी डर रहा था, दीदी. अब्बा को हाथ नहीं लगाया मैंने.” एवढं बोलून ते उठले आणि खाली मागांकडे गेले.

दादाचा आकडा हळूहळू वर यायला लागला. त्या आठवड्याच्या शेवटी नर्सने खिडकीतून मला त्याचा हात हलवून दाखवला. मी आनंदाने घरी आले तर जिन्यात ताट नव्हतं. खालून खोकल्याचा आवाज आला. बाईचा.

भाभींना ताप होता. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबले. दादाच्या वेळी मला काय होईल, दादाचं काय होईल, असं वाटत होतं. ही भीती वेगळीच होती. हे आम्ही आणलं. नाशिकहून गाडीत घालून आणलं आणि या घरात ठेवलं. सरबत, चादरी, जिना चढताना अन्वरभाईंच्या मानेवरचा खोकला, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. भाभी चाचणी करायला तयार नव्हत्या, सरकारी माणसं उचलून नेतील म्हणून घाबरत होत्या. अन्वरभाईंनी कसंबसं नेलं. अहवाल पॉझिटिव्ह आला. माझीही चाचणी झाली, ती निगेटिव्ह निघाली. पण त्याने माझं समाधान झालं नाही. मी बॅग भरली आणि खाली जाऊन बंद दाराबाहेरून सांगितलं की मी गाडीत राहायला जाते.

आतून भाभींचा आवाज आला. घोगरा, पण रागावलेला. “कहीं नहीं जाना. अब जाके क्या होगा? बैठो ऊपर. मेरा रोजा भी गया, अब मेहमान भी जाएगा?”

मी वर गेले. त्यानंतर त्यांच्या घरचा स्वयंपाक मी वरच्या स्टोव्हवर करायला लागले. खिचडी, भाकरी, पातळ भाजी. डबा त्यांच्या दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची. पण जिना उतरून पळायची मला लाज वाटायची. मी थोडी बाजूला उभी राहायची. दार किलकिलं व्हायचं, बांगड्यांचा हात बाहेर यायचा, डबा आत जायचा. मग आतून त्या मीठ कमी की जास्त ते सांगायच्या. चव त्यांना येत नव्हती, ते मला नंतर अन्वरभाईंनी सांगितलं. तरी त्या सांगायच्या.

भाभी घरातच बऱ्या झाल्या. वजन फार उतरलं, पण बऱ्या झाल्या. दादाला सोडलं तेव्हा ईद चार-पाच दिवसांवर आली होती. निघताना भाभी दारात बसल्या होत्या, भिंतीला टेकून. हे आमच्यामुळेच झालं का, असं मला विचारायचं होतं, आणि मी नुसती बॅगेची चेन लावत राहिले. त्यांनी शिरखुर्म्याच्या शेवया कागदात बांधून दिल्या, ईदला तुम्ही नसाल म्हणून.

परतीच्या वाटेवर दादा मागेच बसला. गालफडं बसलेली, मांडीवर हात. खिडक्या उघड्या होत्या. सौंदाणे गेलं, उमराणे गेलं, घाट चढला. शेतांमधला कांदा आता साठवणीच्या चाळींमध्ये गेला होता, रानं मोकळी पडली होती. घाटमाथ्यावर तो पहिल्यांदा बोलला.

“भाभींना आपल्यामुळेच झालं ना गं?”

त्याला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, माहीत नाही. बाजारातूनही आलं असेल, मागावरच्या कामगारांकडूनही आलं असेल.

“मी अन्वरला विचारलं.”

“काय म्हणाले?”

दादा थांबला. दम लागला होता की काय, मला आरशात बघून कळेना. मग म्हणाला, “तो म्हणाला, आलं असेल. तुला फोन करायच्या आधी त्यांनी घरात बोलून घेतलं होतं. बेड तर मिळेल, पण आपण त्यांना आणलं तर आजार घरात येणार, आपल्यापैकी कुणाला तरी होणार, हे गृहीत धरून बोलले. भाभी म्हणाली, बुलाओ.”

मी गाडी चालवत राहिले. ही माणसं मास्क नीट लावत नाहीत, गर्दीत घुसतात, यांना कशाचीच भीती नाही, असं मी त्या गावाबद्दल सोबत बांधून आणलं होतं. आणि ज्या घरात मी राहिले, तिथे दोन माणसांनी बसून नीट मोजमाप करून ठरवलं होतं की आपल्यावर काय येऊ शकतं, आणि मग फोन उचलला होता. मी वर्षभर भीत होते ती स्वतःपुरती आणि आईपुरती. दुसऱ्यासाठी अंगावर घ्यायचा धोका असाही कुणी आधी मोजून घेतो, हे मला माहीत नव्हतं. भीती त्यानंतर गेली असं म्हणणार नाही. आजही कुणी शेजारी खोकलं की माझा श्वास आपोआप अडतो. पण तो अडला की त्या बंद दाराआडचा घोगरा आवाज आठवतो, आणि मी जागा सोडून उठत नाही.

दादाला वहिनीच्या ताब्यात दिलं. ती एव्हाना बरी होती, मुलं गॅलरीत उड्या मारत होती. मी गाडी आमच्या बिल्डिंगखाली आणली, पण वर गेले नाही. पुढचे पंधरा दिवस दादाच्या वर्कशॉपच्या ऑफिसात राहायचं ठरलं होतं. कपड्यांची पिशवी आईने दोरीने खाली सोडली. सोसायटीचे एक काका गेटपाशी उभे होते. त्यांनी कुठे होतात विचारलं, मी मालेगावला म्हटलं, आणि ते नकळत मागे सरकले. मला राग आला नाही.

आई बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून बघत होती. मी जेवले का, बारीक का दिसते, दादा चालत वर गेला का, सगळं विचारून झालं. मग तिने विचारलं, “तिकडची माणसं कशी होती गं?”

मी वर बघितलं. दोन मास्कमधून तिसऱ्या मजल्यावर ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

“सांगते,” मी म्हणाले. “वर येईन तेव्हा तुझ्याजवळ बसून सांगते.”

ती बरं म्हणाली, पण आत गेली नाही. पिशवी उचलून मी गाडीत बसले आणि वर्कशॉपकडे वळेपर्यंत ती तिथेच उभी होती.